हिरवा लेझर आणि रांगेत न बसणारे रेणू

मी सॉफ्टवेअरवाला, पण आजचा एपिसोड प्रकाशावर आहे. कारण सोपं आहे. माझा आवाज तुमच्या फोनपर्यंत येताना बराचसा रस्ता फायबरमधून, प्रकाश बनूनच कापतो.

मोबाइलचा स्पीकर फुल व्हॉल्यूमला फाटतो तेव्हा काय होतं? मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर त्यातून निघतात. काही स्फटिक प्रकाशाचं असंच करतात. बऱ्याच हिरव्या लेझर पॉइंटरमध्ये आधी १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तयार होतो. केटीपी नावाचा छोटा स्फटिक त्याची वारंवारता दुप्पट करतो आणि भिंतीवर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ठिपका पडतो. हेच नॉन-लिनियर ऑप्टिक्स. १९६१ मध्ये पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झमध्ये हे पहिल्यांदा दाखवलं.

आता असा पदार्थ मुद्दाम बनवायचा तर? असा रेणू घ्या, ज्याचं एक टोक इलेक्ट्रॉन देतं, दुसरं ओढून घेतं आणि मधे ये-जा करायला मोकळा रस्ता आहे. इलेक्ट्रॉन एका बाजूला सहज सरकतात, उलट बाजूला जड जातं. या असमतोलातूनच दुप्पट वारंवारता येते.

पण खरी गोची पुढे आहे. स्फटिक बनताना असे रेणू बहुतेक वेळा जोडीजोडीने उलटसुलट बसतात, छोट्या चुंबकांसारखे. एकाचा परिणाम दुसरा खोडतो. एकेक रेणू दमदार, पण बेरीज शून्य!

इथे हायब्रिड कामाला येतं. १९९४ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ‘डॅम्स’ नावाचा धनभारित सेंद्रिय रेणू कॅडमियम, फॉस्फरस आणि गंधकाच्या पातळ थरांमध्ये सरकवला. त्या दाटीत रेणू आपोआप एका दिशेला तोंड करून बसले. दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मिळाला युरियाच्या ७५० पट! हो, खतातला तोच युरिया. या मोजमापात त्याची पावडर पट्टी म्हणून वापरतात. कॅडमियमच्या जागी मँगनीज घेतलं तर ३०० पट, आणि वर तोच पदार्थ ४० केल्विनखाली चुंबकही बनतो. प्रकाशाचं काम रेणूचं, चुंबकाचं थरांचं.

याचा आपल्याला उपयोग काय? विजेतला डेटा प्रकाशावर चढवणाऱ्या बऱ्याच मॉड्युलेटरनाही हाच असमतोल लागतो. शुद्ध सिलिकॉनची रचना सममित, म्हणून त्याला या पद्धतीने ते एकट्याने जमत नाही. त्यासाठी सहसा सोबतीला दुसरा पदार्थ घेतात.

थोडक्यात, तगडा रेणू शोधणं हे अर्धंच काम. त्याला नीट बसवणं, हे उरलेलं अर्धं. प्रश्न असतील तर पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!