काळ्या फायटर माशाची पैदास

शोभेच्या माशांच्या दुकानांत ‘फायटर’ या नावाने विकला जाणारा बेटा हा मासा मूळचा थायलंडकडील होय. त्या देशाने २०१९ साली त्यास राष्ट्रीय जलचराचा मान दिला. या माशाच्या डोक्यात हवेतून श्वास घेण्याचे एक खास इंद्रिय असते, त्यामुळे तो थोड्या पाण्यात जगतो. पारनेर, पाथर्डी, जामखेड अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांत तळे भरून मासे पाळणे प्रत्येकास साधत नाही. परंतु घराच्या पडवीत काही टाक्या व बरण्या मांडून हा जोडधंदा करता येण्याजोगा आहे.

या माशाच्या अनेक रंगांत गर्द काळ्या रंगास चांगले गिऱ्हाईक असते. साहजिकच नवा माणूस काळा नर व काळी मादी अशी जोडी विकत आणतो. जोडी जुळते, मादी अंडी घालते, नर ती घरट्यात ठेवतो, आणि दोन दिवसांत सारी अंडी पांढरी पडून बुरशीने नासतात. दोष पाण्याचा समजून पाणी बदलले जाते, पुन्हा तेच घडते, आणि पैसा व उमेद दोन्ही खर्ची पडतात.

वास्तविक दोष पाण्याचा नसतो. ‘मेलॅनो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गर्द काळ्या जातीची मादी बहुधा वांझ असते. ती अंडी घालते, पण त्यांतून पिल्ले निघत नाहीत. नर मात्र सफळ असतो. ‘ब्लॅक लेस’ नावाची दुसरी एक काळी जात आहे. तिची मादी पिल्ले देते, परंतु तिचा रंग तितका गर्द नसतो व परांच्या कडा पारदर्शक दिसतात. खरेदीच्या वेळी कोणती जात आहे हे विचारून घेणे अगत्याचे आहे.

मग काळ्या जातीचा वंश चालतो कसा? मेलॅनोचा काळा गुण अप्रभावी आहे, म्हणजे तो आई व बाप या दोघांकडून आला तरच अंगावर दिसतो. एकाकडूनच आला तर तो पोटात दडून राहतो. म्हणून काळ्या नरास पोलादी निळ्या रंगाची मादी द्यावी. लाल झाक असलेली मादी घेऊ नये, कारण तो लाल रंग पुढे काळ्या परांत उतरतो. या पहिल्या पिढीत एकही पिल्लू काळे निघणार नाही. येथेच पुष्कळांचा धीर सुटतो व सारी वीण मिळेल त्या भावाने विकली जाते. तसे करू नये. त्या प्रत्येक निळ्या पिल्लात काळा गुण दडलेला असतो.

चार-पाच महिन्यांनी त्यांतील सुदृढ माद्या निवडून त्यांस पुन्हा काळा नर द्यावा. या विणीत सुमारे निम्मी पिल्ले काळी होतात. शंभर पिल्ले जगली तर पन्नासच्या आसपास काळी, व त्यांत साधारण निम्मे नर. विक्रीचा खरा माल हे लांब परांचे नरच. काळ्या माद्या पैदाशीस निरुपयोगी. परंतु त्यांच्या निळ्या बहिणी जपून ठेवाव्यात. पुढील पिढीच्या आया त्याच. पहिल्या पिढीतील भाऊ-बहिणींचा संबंध करविल्यास काळी पिल्ले चौथाईच निघतात, आणि उरलेल्यांत काळा गुण कोणात आहे व कोणात नाही, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तीन जातींच्या संकरातून फुले त्रिवेणी गाय तयार केली, तेथेही कोणाची आई कोण याची नोंद हाच पाया होता. मासा लहान म्हणून वही टाळू नये. दर टाकीस क्रमांक द्यावा आणि काही पिढ्यांनंतर बाहेरचे नवे रक्त आणावे.

विणीसाठी टाकीत चार ते सहा इंच पाणी पुरे. त्याची उष्णता २६ ते २८ अंश सेल्सिअस असावी. जिल्ह्यात पौष-माघात थंडी कडक पडते, तेव्हा वीण घेऊ नये हे बरे. पाण्यात देशी बदामाचे वाळलेले पान टाकण्याची चाल आहे, ती चांगली. नर फेसाचे घरटे बांधतो. मादीच्या पोटाखाली पांढरा ठिपका व अंगावर उभे पट्टे दिसले की ती तयार समजावी. अंडी घालून होताच मादीस काढावे, अन्यथा नर तिला जखमी करतो. पिल्ले एक-दोन दिवसांत निघतात व आणखी दोन-तीन दिवसांत आडवी पोहू लागतात; त्या वेळी नरासही काढावे.

यापुढचा पंधरवडा कसोटीचा. पिल्लांचे तोंड इतके बारीक असते की कोरडे खाद्य त्यांस चालत नाही. अकोले भागात सहज मिळणारा भाताचा पेंढा पाण्यात कुजवून त्यात वाढणारे सूक्ष्म जीव हे पहिले अन्न. ते आठवडाभर आधी तयार ठेवावे. नंतर आर्टेमियाची ताजी पिल्ले द्यावीत. हवेचे इंद्रिय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तयार होऊ लागते. तेव्हा गार वारा लागून पिल्ले मरतात, म्हणून टाकीवर झाकण असावे. नर भांडू लागले की प्रत्येकास वेगळी बरणी द्यावी. बरण्यांची सोय आधी पाहून मगच वीण घ्यावी.

उरलेली पिल्ले विहिरीत, ओढ्यात किंवा धरणात सोडू नयेत. हा मासा परदेशी आहे.