न गळणाऱ्या केसांचा पावसाळा

कुत्र्याच्या अंगावरचा प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग वाढ थांबवून त्वचेत नुसता टिकून राहतो आणि शेवटी गळतो. जातीजातींत फरक पडतो तो या तीन अवस्थांच्या लांबीचा. लॅब्रेडोर, पग, पामेरियन यांचा केस लवकर वाढून थांबतो आणि गळायला तयार होतो. पूडलच्या केसाची वाढ मात्र दीर्घकाळ चालूच राहते. तो माणसाच्या डोक्यावरच्या केसासारखा लांबत जातो आणि कापावा लागतो. २००९ साली ८० जातींच्या हजाराहून जास्त कुत्र्यांची तपासणी करून संशोधकांनी दाखवले, की कुत्र्यांच्या केसांतली बहुतेक विविधता अवघ्या तीन जनुकांच्या जुळणीतून येते. एक जनुक लांबी ठरवते, दुसरे कुरळेपणा आणि तिसरे तोंडावरच्या दाढी-मिशा व जाड भुवया. या तिसऱ्याचा केसगळतीशीही संबंध आहे, हे पुढच्या अभ्यासांत दिसले. म्हणून घरासाठी कमी केस गाळणारा लहान कुत्रा शोधणाऱ्याला एक ढोबळ खूण वापरता येते. दाढी-मिशा असलेल्या कुत्र्याचे केस सहसा कमी गळतात, गुळगुळीत तोंडाच्या कुत्र्याचे जास्त. शित्झू, ल्हासा अॅप्सो, पूडल, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, मिनिएचर श्नाउझर, बिशाँ फ्रीझे या सगळ्या जाती पहिल्या गटातल्या.

महाराष्ट्रातल्या घरांनी लहान कुत्रा म्हणून आजवर ज्यांना पसंती दिली, ते नेमके दुसऱ्या गटातले निघाले. पामेरियन म्हणून इथे जो पांढरा झुबकेदार कुत्रा विकला जातो तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातला टफी याच जातीचा. २००३ नंतर हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातींमुळे पगला घरोघर मागणी आली. दोघेही आकाराने आटोपशीर आणि मुलांत रमणारे, पण केस भरपूर गाळणारे. पगचे आखूड, टोकदार केस तर सोफ्याच्या कापडात असे रुततात की झाडूला दाद देत नाहीत. केस आखूड म्हणजे गळती कमी, हा समज बहुतेक घरांत पहिल्या उन्हाळ्यातच संपतो.

दुसरा समज अधिक महाग पडतो. मुलाला दमा किंवा सर्दीची अॅलर्जी आहे, म्हणून केस न गाळणारा कुत्रा घेतला की प्रश्न मिटला, असे विक्रेते सांगतात. अॅलर्जी केसाची नसते. ती कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि मूत्रात असलेल्या प्रथिनांची असते आणि ही प्रथिने प्रत्येक कुत्र्याच्या अंगात तयार होतात. २०११ साली अमेरिकेतल्या घरांमधली धूळ तपासली गेली, तेव्हा ‘अॅलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या जातींच्या घरांत आणि इतर जातींच्या घरांत मुख्य प्रथिनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. पुढच्या वर्षी नेदरलँड्समध्ये केसांचे नमुने तपासले, तर अशा जातींच्या केसांत ते प्रथिन उलट जास्त निघाले. एका प्रकारच्या अॅलर्जीत मात्र निवडीला वाव आहे. त्यातले प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत बनते, त्यामुळे फक्त त्याचीच अॅलर्जी असलेल्यांना मादीचा त्रास सहसा होत नाही. रक्ततपासणीत हे कळू शकते. अॅलर्जी नसलेल्या घरांसाठी दिलासा असा, की स्वीडनमधल्या मोठ्या पाहणीत (२०१५) जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात घरी कुत्रा असलेल्या मुलांमध्ये शाळेच्या वयात दम्याचे प्रमाण कमी आढळले. तेव्हा कमी केसगळतीचा फायदा मिळतो तो घर झाडणाऱ्याला. अॅलर्जी असलेल्याने त्यावर विसंबू नये. ज्या मुलाला आधीच त्रास आहे, त्याने घ्यायच्या कुत्र्याबरोबर काही तास घालवून पाहणे हीच खरी परीक्षा.

इथवरचे सगळे पुण्याच्या फ्लॅटलाही लागू आहे. पोफळीत हिशेब बदलतो. चिपळूण तालुक्यातले हे गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे भूमिगत वीजगृह इथलेच. सह्याद्रीच्या कड्याला अडलेला नैऋत्य मोसमी पाऊस या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात दोरीवरचा टॉवेल दोन दिवसांत वाळत नाही, तिथे कुत्र्याच्या अंगावरचा लांब, दाट केस कसा वाळणार? जो केस गळत नाही तो ओलावाही सोडत नाही. मेलेला केस खाली न पडता शेजारच्या जिवंत केसात अडकतो, त्यात ओल आणि चिखल मिसळला की त्वचेला चिकटून जटा तयार होते. जटेखाली हवा पोचत नाही. तिथे त्वचा लाल होते, खाज सुटते, कुत्रा चाटत राहतो आणि एका रात्रीत हातभर नाही तरी तळव्याएवढा ओला चट्टा उठतो. कानांत केस असलेल्या आणि कान खाली लोंबणाऱ्या जातींत ओलसर हवेने बुरशी वाढते. कुत्रा डोके झटकू लागला आणि कानाला आंबूस वास आला तर ती बुरशी धरल्याची खूण असते.

म्हणजे कमी गळणाऱ्या केसाने काम कमी होत नाही. ते झाडूकडून फणीकडे जाते. कोकणाच्या पावसाळ्यात फणीचे काम झाडूपेक्षा जास्त वेळखाऊ आहे, हे कुत्रा आणण्याआधी घरातल्या सर्वांनी मान्य केलेले बरे. आणि ‘सर्वांनी’ म्हणताना मुलांना यातून वगळलेलेच बरे. कुत्र्याचे सगळे आम्ही करू, ही त्यांची शपथ टिकते फार तर गणपतीपर्यंत.

यावरचा उपाय साधा आहे. लांब केसांचा शित्झू किंवा ल्हासा फोटोत शोभतो, पोफळीत नाही. मे महिन्यातच सगळ्या अंगावरचे केस दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत कापून घ्यावेत आणि पावसाळाभर दर पाच-सहा आठवड्यांनी कापत राहावे. पंजांच्या गादीमधले, पोटाखालचे आणि शेपटीखालचे केस आणखी आखूड ठेवावेत, कारण चिखल तिथेच धरतो. ग्रूमर शोधायला चिपळूण किंवा कराड गाठावे लागते. घाट बंद पडला की कराडही राहते. त्यामुळे घरी क्लिपर असणे आणि तो चालवता येणे ही इथे चैन नव्हे. अंघोळीच्या बाबतीत लोक क्रम उलटा करतात. गुंता आधी सोडवायचा आणि मगच पाणी घालायचे, कारण पाण्याने गुंता आवळून घट्ट होतो. अंघोळीनंतर टॉवेलने टिपून हेअर ड्रायरच्या कोमट हवेने केस मुळापर्यंत वाळवायचे. लाइट गेलेली असेल तर त्या दिवशी अंघोळ घालूच नये. माणसाचा शांपू आणि खोबरेल तेल दोन्ही वर्ज्य. तेलकट केसाला चिखल दुप्पट धरतो आणि कुत्रा तेल चाटत बसतो. स्पिट्झसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याला मात्र असे भादरू नये. त्याचा केस नीट परत येईलच असे नाही.

जात निवडताना पावसाइतकेच मुलांचे वय पाहावे लागते. माल्टीज आणि यॉर्कशायर टेरियर यांचे वजन जेमतेम दोन ते चार किलो. पुढच्या पायांची हाडे पेन्सिलीएवढी. चार वर्षांच्या मुलाच्या हातून सोफ्याच्या उंचीवरून निसटले तरी पाय मोडतो आणि दुखावलेला कुत्रा चावतो. पाच-सहा वर्षांखालची मुले असलेल्या घरात या जाती नकोतच. शित्झू चार ते सात किलोंचा, स्वभावाने सहनशील आणि अनोळखी माणसाला हसतमुखाने भेटणारा. लहान मुलांसाठी स्वभाव पाहता तोच पुढे येतो. पण त्याचे नाक चपटे आहे. कुत्रा घाम गाळून नव्हे, धापा टाकून अंग थंड करतो आणि एप्रिल-मेच्या दमट हवेत धापा टाकूनही उष्णता नीट बाहेर पडत नाही. चपट्या नाकाला ते आणखी अवघड. बाहेर आलेल्या डोळ्यांना मुलाचे बोट किंवा काटेरी झुडूप लागणे हा दुसरा धोका. ल्हासा अॅप्सो दिसायला त्याचा चुलतभाऊ, पण तिबेटातल्या मठांत राखणदारी करून आलेला. तो घरच्यांशी निष्ठावान, परक्याविषयी साशंक आणि खोड्या काढणाऱ्या मुलाला फार काळ माफ न करणारा. मुले दहाच्या पुढे असतील तर तो उत्तम.

या सगळ्यांत पोफळीसारख्या जागी सर्वांत जमणारा कुत्रा बहुधा मिनिएचर पूडल ठरेल. त्याची उंची तीस सेंटीमीटरच्या आसपास, नाक लांब, श्वास मोकळा, बुद्धी तल्लख आणि मूळ पेशा पाण्यातून शिकार उचलून आणण्याचा. त्याला पूर्ण आखूड कापले तर तो टॉवेलनेच बराचसा वाळतो. इथे तो सहज मिळत नाही आणि महाग पडतो, ही त्याची अडचण. मिनिएचर श्नाउझरही कणखर, फक्त भुंकण्याचा षोक मोठा. वीजप्रकल्पाच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये भिंतीपलीकडे रात्रपाळी करून झोपलेला शेजारी असेल तर त्याचाही विचार करावा लागेल.

केसांचा आग्रह थोडा सैल केला तर गावठी पिल्लाचा पर्याय उघडतो. त्याचा आखूड केस वर्षातून काही आठवडे गळतो, पण पावसातून आल्यावर अंग झटकले की अर्धा वाळतो. त्वचा या हवेला सरावलेली, नाक लांब, आजार कमी. तो लहान राहत नाही, पंधरा किलोंच्या आसपास जातो, एवढीच तडजोड. ज्या घरात रोज फणी फिरवायला कोणी नाही, तिथे हा सौदा शित्झूपेक्षा शहाणपणाचा.

लहान कुत्र्याला इथे घराबाहेरही जपावे लागते. बिबट्याच्या आहारात कुत्र्याचा वाटा किती मोठा असतो, हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागातल्या अभ्यासाने दाखवले. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा होता. पोफळीच्या माथ्यावर सह्याद्रीचे जंगल आहे. पडवीत बांधलेला सहा किलोंचा कुत्रा म्हणजे बिबट्याला आयते जेवण, म्हणून रात्री तो घरातच हवा. दुसरा धोका फुरशाचा. रत्नागिरी जिल्हा या सापासाठी कुप्रसिद्ध आहे. गडग्याच्या दगडांत, पालापाचोळ्यात नाक खुपसणे हा कुत्र्याचा स्वभाव आणि कमी वजनामुळे विषाचा परिणाम त्याच्यावर झपाट्याने होतो. गडग्यालगत त्याला दोरीनेच फिरवावे. फिरून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात आणि गळपट्ट्याखाली गोचीड तपासावेत. गोचीडताप इथे नेहमीचा आहे. दाट, लांब केसांत गोचीड दिसत नाही, आखूड कापण्याचे हे आणखी एक कारण.

आजारांत दोन थेट मुलांपर्यंत पोचतात. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो आणि त्याच्या मूत्रातून घरात येऊ शकतो. त्याची लस दर वर्षी, पावसाआधी द्यावी. पिल्लाच्या पोटातले जंत विष्ठेतून अंगणाच्या मातीत जातात आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलाच्या त्वचेतून किंवा हातातोंडातून शरीरात शिरतात. म्हणून पिल्लाला सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध लागते. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांना, मग बूस्टर आणि नंतर दर वर्षी. तरीही घरचा कुत्रा चावला किंवा त्याचा दात नुसता ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. घरचाच आहे, म्हणून थांबू नये. लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. जेवताना, झोपेत किंवा मिठी मारून कोंडला गेल्यावर तो चावतो. मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत ठेवू नये. सहनशील शित्झूही याला अपवाद नाही.

पिल्लू घ्यायचे तर २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ते आठ आठवड्यांहून लहान असता कामा नये आणि विकणारा ब्रीडर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेला असला पाहिजे. चिपळूणच्या रस्त्यावर खोक्यातून विकले जाणारे पाच आठवड्यांचे पिल्लू या दोन्ही कसोट्यांवर नापास होते. ‘टीकप’ नावाची कोणतीही जात नाही. तो वजन घटवून किंवा वय लपवून लावलेला भाव असतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद जातीची साक्ष देतो, तब्येतीची नाही, म्हणून पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. तिच्या अंगावरून हात फिरवला की केस किती गळतात तेही कळते आणि तिचा स्वभावही.

आणि पिल्लू आणावे ते दिवाळीनंतर. नोव्हेंबरात दोन महिन्यांचे पिल्लू घरी आले तर फेब्रुवारीपर्यंत त्याच्या लशी पूर्ण होतात, कोरड्या दिवसांत बाहेर शी-शू करण्याची सवय लागते आणि क्लिपरच्या आवाजाला ते सरावते. साधारण नवव्या ते बाराव्या महिन्यात पिल्लाचा मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचा केस येतो आणि शित्झू, ल्हासा, पूडल यांच्या आयुष्यातला सर्वांत वाईट गुंता याच काळात होतो. दिवाळीनंतर आणलेल्या पिल्लाचा तो काळ नेमका जून ते सप्टेंबरात, भर पावसात येतो. तेव्हा पहिल्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याला सर्वांत आखूड कापावे आणि केस बदलून होईपर्यंत, म्हणजे नवरात्रापर्यंत, वाढू देऊ नये.