रायपूरहून समुद्र पाहायला : पुरी, कोणार्क, चिलिका आणि तुमची योजना

ही माहिती कोणासाठी? सामाजिक सुरक्षा पेन्शन, महतारी वंदन योजना किंवा दिव्यांग पेन्शनचा लाभ घेणाऱ्या आणि रायपूर शहरात राहणाऱ्या मराठी भाषिक नागरिकांसाठी. ब्राह्मणपारा, तात्यापारा या जुन्या वस्त्यांतील ज्येष्ठांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो : "सरकार आता तीर्थयात्रेला नेते म्हणतात. मग पुरीला जायला फॉर्म भरू का?"

थोडक्यात उत्तर असे : फॉर्म जरूर भरा, पण आधी एक गोष्ट समजून घ्या. मुख्यमंत्री तीर्थयात्रा योजनेचा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो. पुरी रायपूरहून एका रात्रीच्या अंतरावर आहे, रामेश्वर तसे नाही. तुमची ती एक संधी कुठे खर्च करायची, हा विचार फॉर्म भरण्याच्या आधी करायचा असतो, नंतर नव्हे.

योजना काय देते?

छत्तीसगडची मुख्यमंत्री तीर्थयात्रा योजना २०१२ मध्ये सुरू झाली, मधली काही वर्षे बंद होती आणि २७ मार्च २०२५ रोजी रायपूर स्थानकातून पुन्हा सुरू झाली. त्या दिवशीची गाडी तिरुपती, मदुराई आणि रामेश्वर या मार्गावर गेली. योजना समाज कल्याण विभागाची आहे. ६० वर्षांवरील ज्येष्ठ आणि दिव्यांग व्यक्तींबरोबर आता विधवा आणि परित्यक्ता महिलांचाही त्यात समावेश आहे. रेल्वे प्रवास, राहणे, जेवण, स्थानकापासून मंदिरापर्यंतची वाहतूक आणि वाटेत लागणारी वैद्यकीय मदत, हे सर्व शासनाकडून असते.

गाडी कुठे जाणार आणि त्या फेरीत कोणते जिल्हे असणार, हे विभाग जाहीर करतो. शहरात राहणाऱ्यांनी अर्ज नगर निगमाच्या आपल्या जोन कार्यालयात द्यावा. पत्ता माहीत नसेल तर वॉर्डाच्या पार्षदांकडे विचारा. साधारणपणे आधार कार्ड, वयाचा व रहिवासाचा पुरावा, रेशन कार्ड, फोटो आणि प्रवासास योग्य असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. सोबत मदतनीस नेता येतो का, त्याची अट काय, हे अर्ज देतानाच विचारून घ्या. गाडी सुटायच्या आदल्या दिवशी विचारून उपयोग होत नाही. या अर्जासाठी कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. "यादीत नाव घालून देतो" म्हणणाऱ्याला ना पैसे द्या, ना मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा.

आता आमचे मत. आपल्याकडे काशीची गंगा रामेश्वराला नेण्याची जुनी परंपरा आहे, आणि ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांना ते जमले नाही त्यांना या योजनेची किंमत सांगायला नको. रायपूरहून रामेश्वर स्वतःच्या खर्चाने, दोन-तीन ठिकाणी गाडी बदलत, वय ६८ असताना करणे अवघड आहे. तिथे समुद्रही पाहायला मिळतो : गाडी मंडपम सोडते आणि ६ एप्रिल २०२५ रोजी खुल्या झालेल्या नव्या पांबन पुलावरून बेटावर येते, दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. म्हणून ज्यांची प्रकृती साथ देते त्यांनी योजनेचा एकमेव लाभ लांबच्या यात्रेसाठी ठेवावा आणि पुरी स्वतः करावी. ज्यांना तीन-चार दिवसांचा प्रवासच झेपणारा नाही, किंवा सोबत कुणीच नाही, त्यांनी मात्र पुरीची फेरी जाहीर झाली तर बेलाशक नाव द्यावे. सरकारी गाडीत सोबत असते, आणि एकट्या माणसाला पैशापेक्षा तीच जास्त लागते.

पुरी स्वतः करायची तर पैशाचे काय?

आकडे सरळ मांडू. सामाजिक सुरक्षा पेन्शन महिन्याला ५०० रुपये आहे. त्यात पुरीचे जाण्या-येण्याचे स्लीपर तिकीटही बसत नाही. महतारी वंदन योजनेत मार्च २०२४ पासून महिलांना महिन्याला १,००० रुपये मिळतात, पण ज्या बहिणींना आधीच ५०० रुपये पेन्शन आहे त्यांना वरचा फरक, म्हणजे ५०० रुपयेच, जमा होतो. "माझे पाचशे कुणी खाल्ले" असे समजून अनेक जणी बँकेत भांडून येतात. पैसे कुणी खाल्लेले नाहीत, नियमच तसा आहे. थोडक्यात, पेन्शनधारक विधवा महिलेच्या हातात दोन्ही मिळून १,००० रुपये येतात आणि पुरीसाठी दोन-तीन महिने बाजूला टाकावे लागतात.

रेल्वेत ज्येष्ठांना मिळणारी भाडे सवलत (पुरुषांना ४० आणि महिलांना ५० टक्के) २० मार्च २०२० पासून बंद आहे. "तिकीट खिडकीवर सांगितले तर मिळते" ही ऐकीव गोष्ट आहे, तिच्यावर बजेट बांधू नका. दोन गोष्टी मात्र चालू आहेत.

पहिली, खालच्या बर्थचा कोटा. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला एकट्या किंवा दोघे मिळून प्रवास करत असतील, तर आरक्षण करताना हा कोटा निवडता येतो. एका तिकिटावर चार-पाच नावे घातली की तो लागू होत नाही. आपल्याकडे सगळी भावकी एकाच तिकिटावर जाते आणि मग आजी वरच्या बर्थखाली उभी राहून कुणी जागा बदलून देईल का म्हणून वाट पाहते. तिकिटे दोघा-दोघांची वेगळी काढा.

दुसरी, दिव्यांग सवलत. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्ती, पूर्ण दृष्टिहीन आणि बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के, तर मूकबधिर व्यक्तींना ५० टक्के सवलत आहे. सोबतच्या एका माणसालाही तेवढीच सवलत मिळते. यासाठी रेल्वेने दिलेले दिव्यांग ओळखपत्र काढून ठेवा. ते निघायला वेळ लागतो, म्हणून यात्रा ठरल्यावर नव्हे, त्याआधीच अर्ज करा.

पुरीला कसे जायचे?

दुर्ग–पुरी एक्सप्रेस संध्याकाळी रायपूरहून निघते, महासमुंद, टिटलागड, बलांगीर करत दुसऱ्या दिवशी सकाळी पुरीला पोहोचवते. वेळ बदलत असते, निघण्याआधी १३९ वर विचारा. रात्र गाडीत गेल्यामुळे मुक्कामाचा एक खर्च वाचतो. पुरीत दोन रात्री राहिलात तर पहिला दिवस देवदर्शन आणि विश्रांतीचा, दुसरा दिवस सहलीचा आणि तिसऱ्या दिवशी परतीची गाडी, असे निवांत बसते. एकाच दिवशी कोणार्क आणि चिलिका दोन्ही उरकायचा हट्ट करू नका. दोन्हींच्या दिशा उलट्या आहेत.

मंदिरात मोबाईल आणि चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत. पूजेची दक्षिणा पंड्याशी आधीच ठरवा. आनंद बाजारात महाप्रसाद विकत मिळतो आणि पोटभर असतो, दुपारचे जेवण तिथेच होऊन जाते.

सिंहद्वारासमोर एक उंच काळा दगडी खांब आहे, अरुण स्तंभ. तो मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा. अठराव्या शतकात, ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचे राज्य असताना, तो इथे आणून उभा केला. भोसल्यांचा ओडिशावरील अंमल १७५१ ते १८०३ असा होता, आणि त्याच काळात आपले छत्तीसगडही त्याच नागपूर दरबाराखाली होते. कंकाली तलावाभोवतीच्या मराठी घरांपैकी ज्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत या मुलखात आले, त्यांच्यासाठी पुरी तेव्हा परमुलूख नव्हती. खांबाला हात लावताना हे नातवंडांना सांगायला हरकत नाही.

दुसरा दिवस : कोणार्क

पुरी ते कोणार्क सुमारे ३५ किलोमीटर. रस्ता समुद्राच्या कडेने, सुरूच्या बनातून जातो. वाटेत कुशभद्रा नदी समुद्राला मिळते तिथे रामचंडीचे देऊळ आहे आणि कोणार्कच्या जरा अलीकडे चंद्रभागेचा किनारा. पंढरपूरच्या माणसाला नाव ऐकून गंमत वाटते. इथे थांबायचे तर सकाळी. दुपारची वाळू पायाला चटके देते.

सूर्यमंदिर पूर्व गंग घराण्यातील राजा नरसिंहदेव पहिला याने तेराव्या शतकात बांधले. चोवीस चाकांचा दगडी रथ अशी त्याची कल्पना आहे. मुख्य शिखर केव्हाच कोसळले. आज दिसतो तो पुढचा सभामंडप, आणि तोही पडू नये म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी आतून वाळू भरून बंद केला. त्यामुळे "आत देव कुठे आहे" असे शोधत फिरू नका. आत जाता येत नाही आणि इथे पूजाही होत नाही. १९८४ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे.

भारतीयांना तिकीट ४० रुपये, १५ वर्षांखालील मुलांना मोफत. पेन्शनधारकांसाठी वेगळी सूट नाही, पण ८ मार्चला महिलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत मोफत प्रवेश असतो, आणि तेव्हाचे ऊनही अजून सोसवते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी चौथऱ्यावर चढायचा आग्रह सोडावा. चाके खालूनच चांगली दिसतात.

जाण्यासाठी ओडिशाची सरकारी शहर बस (पूर्वीची मो बस, आता आमा बस) सर्वात स्वस्त पडते. चौघे-पाच जण असाल तर ऑटो ठरवा, पण थांबण्याचे तास आणि परतीचे भाडे आधीच बोलून घ्या. ओडिशा पर्यटन विकास महामंडळाच्या दिवसभराच्या बस सहलीही पुरीहून निघतात. त्या एका दिवसात कोणार्क, धौली, भुवनेश्वर असे बरेच काही दाखवतात. तरुणांना ठीक, सत्तरीच्या माणसाची त्यात दमछाक होते.

चिलिका आणि रघुराजपूर

सातपाडा पुरीहून सुमारे ५० किलोमीटर. तिथून नावेने चिलिका सरोवरात जाता येते. चिलिका हे आशियातील सर्वात मोठे खाऱ्या-मचूळ पाण्याचे सरोवर. सातपाड्याच्या बाजूला इरावती डॉल्फिन असतात. ते पाण्याबाहेर उड्या मारत नाहीत, पाठ दाखवतात आणि बुडतात, म्हणून पाहणाऱ्याला धीर लागतो. स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नावेचे भाडे संपूर्ण नावेचे असते, माणशी नव्हे, त्यामुळे सहा-आठ जण मिळून गेलात तरच परवडते. जीवरक्षक जॅकेट दिल्याशिवाय नावेत पाय ठेवू नका.

शक्ती कमी असेल तर चिलिका सोडा आणि रघुराजपूरला जा. पुरीपासून जेमतेम बारा किलोमीटरवर असलेल्या या गावात घरोघरी पट्टचित्रे काढतात. ओटीवर बसून बघायचे, विकत घ्यायची सक्ती नाही.

विशाखापट्टणम हा दुसरा पर्याय. सप्टेंबर २०२४ पासून दुर्ग–विशाखापट्टणम वंदे भारत आहे. पहाटे रायपूर सोडले की दुपारी समुद्र. तिथून भीमुनिपट्टणम हे डच काळातील जुने बंदरगाव अर्ध्या दिवसात होते. पण वंदे भारतमध्ये वरील सवलती चालत नाहीत आणि भाडे पेन्शनच्या मानाने जड आहे.

प्रवासात कोणती कार्डे बरोबर ठेवायची?

आधार आणि आयुष्मान कार्ड. आयुष्मान कार्ड छत्तीसगडबाहेरही योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात चालते, मात्र भरती व्हावे लागले तरच. साधा ताप, पोट बिघडणे, बाह्यरुग्ण तपासणी यांचा खर्च त्यात नाही. ७० वर्षांवरील कोणालाही, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ते नसेल तर निघण्याआधी काढा. जवळचे रुग्णालय विचारायला १४५५५, ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७. नंबर मोबाईलमध्ये आणि एका कागदावरही लिहून ठेवा, कारण मोबाईल मंदिराबाहेर जमा असतो.

तीन-चार दिवस गावाबाहेर गेल्याने पेन्शन थांबत नाही, महतारी वंदनचा हप्ताही थांबत नाही. फक्त वॉर्डात पेन्शनचे सत्यापन चालू असेल तर ते उरकून निघा.

शेवटी समुद्राबद्दल. पुरीच्या लाटा पायाखालची वाळू ओढून नेतात. पोहता येणाऱ्यांनाही तिथे धोका झालेला आहे. निमुळती टोपी घातलेले नुलिया जीवरक्षक किनाऱ्यावर असतात. ते असतील तिथेच, त्यांचा हात धरून, गुडघ्याइतक्या पाण्यात स्नान करा. मे महिन्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळाची सूचना असेल तर तिकीट रद्द करा. ३ मे २०१९ चे फनी वादळ पुरीजवळच धडकले होते. जायला सर्वात बरा काळ डिसेंबर ते मार्चचा पहिला पंधरवडा. त्या दिवसांत गाड्या भरलेल्या असतात, म्हणून आरक्षण ६० दिवस आधी खुले होते त्याच सकाळी तिकीट काढा.