रक्ताची ओढ

‘पाण्याला ओढ आहे, आत उतरू नकोस,’ असे पावसाळ्यात नदीकाठी वडीलधाऱ्यांनी बजावलेले तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तीच ओढ आपल्या धमन्यांतही असते. ‘रक्ताची ओढ’ म्हटले की आपल्या मनात नातीगोती येतात. आज मात्र हे शब्द अगदी शब्दशः घ्यायचे आहेत.

डेंग्यूच्या साथींनी ‘प्लेटलेट’ हा शब्द घरोघरी पोहोचवला. मराठीत त्यांना बिंबाणू म्हणतात, आणि मला तो शब्द अधिक आवडतो. कारण निवांत असताना या पेशी खरोखरच चपट्या बिंबासारख्या दिसतात. व्यास दोन-तीन मायक्रॉन, केंद्रक नाही, आयुष्य आठ-दहा दिवसांचे. इटलीतील तुरीन येथील जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ च्या सुमारास त्या जखमी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

आता एक कोडे पाहा. जेथे प्रवाह जोराचा, तेथे काही टिकू नये, सगळे वाहून जावे. पण हृदयाच्या धमनीत प्लेटलेटांची गुठळी बसते ती बहुधा चिंचोळ्या झालेल्या जागी, म्हणजे प्रवाहाला सर्वांत जास्त ओढ असते तेथेच. असे का?

रक्त नळीच्या मध्यावर वेगाने धावते आणि भिंतीलगत जवळजवळ थांबलेले असते. मधले थर एकमेकांवरून घसरत जातात. ही घसट म्हणजेच आपली ओढ. नळीचा व्यास निम्मा झाला आणि रक्त पूर्वीइतकेच वाहत राहिले, तर वेग चौपट होतो, पण भिंतीजवळची ओढ आठपट होते. शिवाय तांबड्या पेशी मध्यभागी गर्दी करतात आणि इवल्याशा प्लेटलेटांना काठाकडे ढकलतात. म्हणजे जेथे ओढ जास्त, तेथेच त्यांची वस्ती.

पण त्या धरतात कशाला? याचा धागा फिनलंडमध्ये सापडतो. एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी १९२६ साली आलँड बेटांवरील एका कुटुंबातील रक्तस्रावाचा आजार वर्णन केला. प्लेटलेटांची संख्या व्यवस्थित, तरी रक्त थांबत नसे. पुढे कळले की त्या आजारात रक्तातले एक प्रथिन कमी पडते. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

हे प्रथिन म्हणजे लांबलचक दोर, पण एरवी लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळलेला. प्लेटलेटांना पकडणारे त्याचे आकडे आतल्या बाजूला झाकलेले असतात, म्हणून निरोगी धमनीत प्लेटलेट शेजारून खुशाल निघून जाते. भिंत सोलवटली की हा दोर तिथल्या उघड्या तंतूंना चिकटतो, आणि प्रवाहाची ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तो ताणून उलगडतो. आकडे उघडे पडतात. धावती प्लेटलेट अडकते, सुटते, पुन्हा अडकते, गडगडत मंदावते आणि शेवटी घट्ट बसते. प्रवाहाचा जोर येथे गुठळीच्या आड येत नाही. तोच तिला बोलावतो.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. चिंचोळी जागा ओलांडल्यावर प्रवाह एकदम मंदावतो, आणि तेथे प्लेटलेटा आपल्याच पातळ पटलाचे धागे काढून एकमेकींना धरतात, तेही बिंबाचा आकार फारसा न बदलता. रासायनिक संदेश त्यानंतर येऊन गुठळी पक्की करतात. पुलाच्या खांबामागे पालापाचोळा जमतो ना, तशीच ही जागा. फक्त पाचोळ्याला हात नसतात.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ॲस्पिरिन प्लेटलेटांमधला एक रासायनिक संदेश बंद पाडते; दोराच्या आकड्यांना ते हात लावत नाही. म्हणून नेमाने गोळी घेणाऱ्यालाही झटका येऊ शकतो. याचा अर्थ गोळी फुकट असा मुळीच नाही, आणि ती आपल्या मनाने बंद करणे तर धोक्याचेच.

उलगडलेला दोर तसाच राहिला तर अनर्थ होईल. म्हणून रक्तात एक कात्रीही असते. दोर ताणला गेला की त्याची कापायची जागा उघडी पडते आणि ही कात्री त्याचे तुकडे करते. ती नसेल तर बारीक रक्तवाहिन्यांत जागोजाग गुठळ्या होतात.

कात्रीचे काम फार झाले तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. १९५८ साली एडवर्ड हाइड या अमेरिकन डॉक्टरांनी नोंदवले की महाधमनीची झडप आक्रसलेल्या काही वृद्धांच्या आतड्यातून रक्त जाते आणि कारण सापडत नाही. हृदय कुठे, आतडे कुठे! उलगडा व्हायला अनेक वर्षे लागली. अरुंद झडपेतून रक्त इतक्या ओढीने जाते की दोर तेथेच उलगडतात आणि कापले जातात. उरतात आखूड तुकडे, आणि आतड्यातल्या नाजूक वाहिन्या फुटल्या तर त्यांना प्लेटलेटा धरून ठेवता येत नाहीत. अशा बहुतेक रुग्णांची झडप बदलली की लांब दोर रक्तात पुन्हा दिसू लागतात, आणि आतड्यावर शस्त्रक्रिया न करताच रक्त जाणे थांबते.