रस्त्यांचे अवशेष राहत नाहीत

दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिस्टलमध्ये लहानाचे मोठे झालेल्या माणसांच्या आठवणींत शनिवारची संध्याकाळ हमखास येते. इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या या बंदराचा मुख्य बाजार तेव्हा कॅसल स्ट्रीट आणि वाइन स्ट्रीट या एकमेकांना जोडून असलेल्या रस्त्यांवर होता. शनिवारी दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असत. हाती आठवड्याचा पगार असे. गर्दी फुटपाथवर मावत नसे, माणसं रस्ताभर पसरून चालत. काही घ्यायचं नसलं तरी तिथे जायचं, ओळखीचे चेहरे भेटतात का पाहायचं, काचांपलीकडची खेळणी बघायची आणि आईचा हात सोडायचा नाही. १९२८ साली उघडलेलं रीजंट हे भव्य चित्रपटगृहही कॅसल स्ट्रीटवरच होतं. जवळच्या युनियन स्ट्रीटवर फ्राय कंपनीचा चॉकलेटचा कारखाना. तो पुढे केनशमला हलला; पण त्याआधीच्या पिढीच्या बालपणात हा सगळा परिसर कोकोच्या वासाचा होता.

या रस्त्यांचं वय त्या मुलांना कुठून कळणार? कॅसल स्ट्रीट म्हणजे खरोखरच किल्ल्याच्या जागेवरचा रस्ता. क्रॉमवेलच्या काळात, १६५० च्या दशकात, ब्रिस्टलचा किल्ला पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर घरं, दुकानं उभी राहिली. वाइन स्ट्रीटच्या शेजारची मेरी-ले-पोर्ट स्ट्रीट ही तर त्याहून कितीतरी जुनी गल्ली. ती अरुंद होती आणि दोन्हीकडच्या घरांचे वरचे मजले पुढे झुकलेले होते. वाइन स्ट्रीट आणि हाय स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १६७६ चं लाकडी सांगाड्याचं ‘डच हाउस’ होतं. ते हॉलंडमधून सुटं करून जहाजाने आणलं, अशी दंतकथा गावात सांगितली जाई. सेंट पीटर, सेंट मेरी-ले-पोर्ट आणि सेंट निकोलस ही तीन चर्चं एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर. बाजार आणि देऊळ एकाच वाटेवर असणं आपल्यालाही नवं नाही.

२४ नोव्हेंबर १९४०, रविवार. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास जर्मन विमानं आली आणि एका रात्रीत हा सगळा भाग जळाला. दोनशेहून अधिक माणसं मेली. तिन्ही चर्चच्या आत आगी शिरल्या आणि भिंती, मनोरे तेवढे उरले. रीजंट गेलं. सेंट पीटर चर्चजवळ त्याच नावाचं ‘हॉस्पिटल’ होतं. ही सतराव्या शतकातली नक्षीदार लाकडी वास्तू एके काळी टांकसाळ होती, नंतर गोरगरिबांचा आश्रय झाली. ती भस्मसात झाली. डच हाउसचा जळका सांगाडा धोकादायक ठरला आणि काही दिवसांत सैनिकांनी तो ओढून पाडला.

थोड्या अंतरावरच्या टेंपल चर्चची हकीकत ब्रिस्टलकर आवर्जून सांगतात. त्याचा मनोरा सुमारे दीड मीटर कललेला पाहून, बाँबने हलला असं समजून सैनिक तो पाडायला निघाले. हा शेकडो वर्षांपासून असाच वाकडा आहे, असं लोकांनी त्यांना समजावलं. मनोरा बांधतानाच खचला होता आणि वरचा भाग नंतर सरळ चढवण्याचा प्रयत्न झाला, म्हणून त्याला मधेच एक बाकही आहे. तो अजून उभा आहे. पुढच्या वर्षी गुड फ्रायडेच्या हल्ल्यात ट्रामच्या रुळाचा एक तुकडा घरांवरून उडाला आणि सेंट मेरी रेडक्लिफ चर्चच्या आवारात रुतला. तोही तसाच ठेवला आहे. त्याच रात्री वीजपुरवठा तुटला आणि शहरातल्या ट्राम कायमच्या थांबल्या.

मनोरा राहिला, रूळ राहिला, चर्चच्या भिंतीही राहिल्या. रस्ते मात्र राहिले नाहीत, आणि माझ्या मते ब्रिस्टलचं खरं नुकसान तेच आहे. चर्च पडलं तरी त्याला अवशेष म्हणून जपता येतं, त्यावर संरक्षणाचा शिक्का मारता येतो. रस्ता म्हणजे दोन बाजूंच्या इमारतींमधली मोकळी जागा. बाजू गेल्या की तो संपतो.

बाँबने जे उरवलं ते नियोजनाने पुसलं. महापालिकेने नवा बाजार उत्तरेकडे ब्रॉडमीडला वसवायचं ठरवलं. दुकानदारांच्या संघटनेने घेतलेल्या मतचाचणीत १३ हजारांहून अधिक लोकांनी जुन्या जागेच्या बाजूने कौल दिला, ब्रॉडमीडच्या बाजूने जेमतेम चारशे. तरीही ब्रॉडमीडच झालं. तिथे जॉन वेस्लीची १७३९ ची ‘न्यू रूम’, जगातलं सर्वांत जुनं मेथडिस्ट प्रार्थनास्थळ, मोठ्या दुकानांच्या मधे टिकून आहे, ही मोठीच गोष्ट. कॅसल स्ट्रीटची जागा मात्र वर्षानुवर्षं मोटारी उभ्या करायला वापरली गेली. १९७८ मध्ये तिथे कॅसल पार्क झालं. हिरवळ सुंदर आहे, पण त्या हिरवळीखाली एका शहराचा मध्य आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

वाइन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १९६० च्या दशकात बँक आणि विमा कंपनीच्या इमारती आल्या आणि सेंट मेरी-ले-पोर्टचा मनोरा त्यांच्या मागे दडला. त्याआधी, १९६२-६३ मध्ये, पुरातत्त्वज्ञ फिलिप राट्झ यांनी तिथे उत्खनन केलं. मेरी-ले-पोर्टच्या गल्लीखाली त्यांना सॅक्सन काळातली, पायांनी आणि चाकांनी झिजून खोल गेलेली वाट सापडली. म्हणजे शनिवारी आईचा हात धरून चालणारी मुलं हजार वर्षांच्या वहिवाटीवरून चालत होती.

हे बालपण कागदावर टिकलं त्याचं मोठं श्रेय रीस विन्स्टन यांना. १९०९ साली जन्मलेल्या या छायाचित्रकाराने युद्धापूर्वीचं ब्रिस्टल स्वतः टिपलं, त्याआधीची छायाचित्रं जमवली आणि ‘ब्रिस्टल अ‍ॅज इट वॉज’ नावाने एकामागून एक पुस्तकं स्वतःच छापली. घराघरांतून लोक त्यांतल्या चित्रांवर बोट ठेवून सांगू लागले, हे आमचं दुकान, इथून आम्ही शाळेत जायचो. आता ‘नो युवर प्लेस’ या संगणकीय नकाशावर जुने नकाशे आजच्या शहरावर ठेवून पाहता येतात. कॅसल पार्कवर जुना नकाशा आणला की हिरव्या जागेत घरांच्या रांगा उमटतात.

जुना व्यवहार एका ठिकाणी मात्र अखंड चालू आहे. १७४३ च्या एक्सचेंज इमारतीतला सेंट निकोलस बाजार. दाराशी ब्राँझची चार उभी मेजं आहेत, त्यांना ‘नेल्स’ म्हणतात. व्यापारी त्यांवर पैसे मोजून सौदे पुरे करत. वरच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे आहेत, एक लंडनच्या वेळेचा आणि दुसरा सुमारे दहा मिनिटं मागे असलेल्या ब्रिस्टलच्या स्थानिक वेळेचा. शहराने १८५२ मध्ये लंडनची वेळ स्वीकारली, तरी आपल्या वेळेचा काटा तिथे आजही दिसतो.

२०२१ मध्ये वाइन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या त्या बँक आणि विमा कंपनीच्या इमारती पाडून नवी बांधणी करायला मंजुरी मिळाली. योजनेत मुख्यतः कार्यालयं आहेत, मेरी-ले-पोर्टचे अवशेष मोकळे करायचे आहेत आणि जुन्या वाटा पुन्हा काढायच्या आहेत. या शेवटच्या कलमावर ब्रिस्टलकरांनी सर्वांत बारीक लक्ष ठेवायला हवं. गल्लीची जुनी रुंदी आणि जुनं वळण राखलं, तळमजल्यावर रोजच्या गरजेची छोटी दुकानं दिली, संध्याकाळी दिवे चालू राहिले, तरच तिथून पुन्हा मुलं हिंडतील.