पाठ झालं होतं, मग परीक्षेत आठवलं का नाही? भोपाळजवळचा जुना प्रयोग आणि स्मरणशक्तीचं गणित

भोपाळ : परीक्षा तोंडावर आली की घराघरांत एकच दृश्य दिसते. मूल पुस्तक पुढ्यात घेऊन तोच धडा तिसऱ्यांदा वाचत असते. आई विचारते, "झालं का पाठ?" उत्तर येते, "हो, झालं." आणि पेपरात नेमके तेच आठवत नाही. मग बदाम भिजत घातले जातात, ब्राह्मीच्या गोळ्या आणल्या जातात. खरे तर बहुतेक वेळा बिघाड डोक्यात नसतो, अभ्यासाच्या पद्धतीत असतो.

घोकंपट्टीच्या याच दुखण्यावर मध्य प्रदेशात तीस वर्षे एक मोठा प्रयोग चालला. भोपाळहून साधारण ७५ किलोमीटरवरच्या होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, १९७२ मध्ये १६ शाळांत 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' या संस्थेने तो पुढे नेला. भोपाळमधून निघणारे 'चकमक' हे मुलांचे मासिक याच संस्थेचे.

या कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुले व्याख्या पाठ करत बसत नसत. गट करून प्रयोग करायचे, दिसेल ते वहीत लिहायचे, त्यावर वर्गात चर्चा करायची, असा तास चाले. सगळ्यांत नवल परीक्षेचे होते. पेपरला पुस्तक आणि वही सोबत नेण्याची मुभा होती! २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला, पण त्याने विचारलेला प्रश्न आजही प्रत्येक पालकापुढे आहे. समजून घ्यायचे की लक्षात ठेवायचे?

छोटा ओटा, मोठं कोठार

उत्तरासाठी आधी स्मृती कशी चालते ते पाहू. तिचे ढोबळमानाने दोन भाग धरता येतात. एक आहे कार्यकारी स्मृती. ती स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी असते. आत्ता जे काम चालू आहे, तेवढेच सामान तिच्यावर मावते. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये ही मर्यादा साधारण सात गोष्टींची सांगितली होती. नंतरच्या संशोधनात ती चारच्या आसपास आली. लहान मुलांचा ओटा आणखी छोटा असतो, किशोरवयापर्यंत तो वाढत जातो. म्हणून "दप्तर ठेव, हात धू, डबा काढ आणि बाबांना फोन लाव" असे एका दमात सांगितले की पोरगं दोनच कामे करते. तो हट्टीपणा असेलच असे नाही.

दुसरी दीर्घकालीन स्मृती, म्हणजे कोठार. त्यात जागा भरपूर. पण माल आत जाताना मेंदू त्याला आधीच्या ओळखीच्या गोष्टींशेजारी ठेवतो. ओळखीचे काही नसेल, तर नवी वस्तू कुठेतरी कोपऱ्यात पडते आणि हवी तेव्हा सापडत नाही.

अमेरिकेतल्या संशोधक मिशेलिन ची यांनी १९७८ मध्ये याचा छान पुरावा दिला. बुद्धिबळ चांगले खेळणारी दहा वर्षांच्या आसपासची मुले आणि जेमतेम खेळता येणारी मोठी माणसे यांना पटावरची मांडणी क्षणभर दाखवली. ती मुलांच्या जास्त लक्षात राहिली. मात्र नुसते आकडे लक्षात ठेवायला दिल्यावर मोठी माणसे पुढे गेली. म्हणजे लक्षात राहणे वयाइतकेच आधीच्या ज्ञानावर अवलंबून असते. चाळिशीनंतर नवे शिकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. वेग थोडा कमी झाला, तरी अनुभवाचे कोठार भरलेले असते. नवी गोष्ट त्याला जोडून घेतली की ती टिकते.

होशंगाबादची मुले हाताने प्रयोग करत होती, त्याचा फायदा इथे कळतो. पाहिलेले, हाताळलेले, ज्यावर वाद घातला ते, असे अनेक दुवे एका गोष्टीला मिळतात.

वाचणे वेगळे, आठवणे वेगळे

जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. पाठ केलेले सुरुवातीला भराभर विसरते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. पण अंतर ठेवून उजळणी केली, तर कमी मेहनतीत ते टिकते.

२००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पुन्हा न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, तर लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के.

"झालं पाठ" या उत्तरातली गोम हीच. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि येतंय असा भास होतो. परीक्षेत मात्र ओळखायचे नसते, आठवून काढायचे असते. त्याचा सराव झालेलाच नसतो.

बे दुणे चार की दो दूनी चार?

मग पाठांतर अगदीच टाकाऊ का? तसेही नाही. मोठा गुणाकार करताना सात आठे किती, हे बोटांवर मोजत बसले तर छोटा ओटा तिथेच भरून जातो. हातचा विसरतो, गणित चुकते. पाढे तोंडपाठ असतील तर ओटा मोकळा राहतो आणि डोके मूळ प्रश्नाकडे लागते. आजोबांच्या पिढीची पावकी-निमकी याच कामाची होती. समज हवीच, पण ती वापरायला काही गोष्टी जिभेवर लागतात.

राज्याबाहेरच्या आणि सीमेवरच्या मराठी घरांत इथे आणखी एक पेच असतो. भोपाळमध्ये आजी "बे दुणे चार" म्हणवून घेते, शाळेत "दो दूनी चार" चालते. बेळगावात कन्नड, गुजरातच्या सीमेवर गुजराती. एलिझाबेथ स्पेल्के आणि सॅना त्सिव्हकिन यांनी २००१ मध्ये रशियन-इंग्रजी द्वैभाषिकांवर केलेल्या अभ्यासात दिसले की नेमके हिशेब ज्या भाषेत शिकले, त्या भाषेत ते लवकर सुचतात. म्हणून वर्षानुवर्षे दुसऱ्या भाषेत बोलणारी माणसेही पैसे मोजताना शाळेच्या भाषेत पुटपुटतात. याचा अर्थ मराठी सोडून द्यावी असा नाही. शाळेचे पाढे शाळेच्या भाषेत पक्के करावेत आणि मराठीचेही रोज म्हणून घ्यावेत. भाषा वापरात राहिली तरच ती वेळेवर आठवते.

घरी काय करता येईल?

- धडा एकदा नीट वाचला की पुस्तक मिटून मुलाला तो स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. अडले की मगच पुस्तक उघडा.
- एकाच दिवशी चार तास बसवण्यापेक्षा आज, परवा आणि पुढच्या आठवड्यात थोडी थोडी उजळणी घ्या.
- नवी गोष्ट घरातल्या, शेतातल्या, बाजारातल्या ओळखीच्या गोष्टीशी जोडून सांगा.
- लहान मुलांना एका वेळी एक-दोनच सूचना द्या.
- परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण नको. दिवसभर शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

आणि आज संध्याकाळी "झालं का पाठ?" असे विचारण्याऐवजी "सांग बरं, काय वाचलंस?" असे विचारून पाहा. मूल अडखळले तर रागावू नका. त्या अडखळण्यातच त्याचा अभ्यास चालू असतो.