परवाना करारांचे लेखापरीक्षण

परवाना करारांचे लेखापरीक्षण म्हणजे प्रताधिकार किंवा व्यापारचिन्ह वापरण्याची परवानगी घेतलेल्या व्यक्तीने वा संस्थेने कराराच्या अटी पाळल्या की नाही आणि ठरलेले स्वामित्वधन (रॉयल्टी) पूर्ण दिले की नाही, याची मूळ कागदपत्रांवरून केलेली तपासणी होय. व्यवहारात तिला ‘रॉयल्टी ऑडिट’ म्हणतात. कंपनीच्या वार्षिक लेखापरीक्षणाहून ती निराळी आहे. वार्षिक लेखापरीक्षक ताळेबंद वास्तवाला धरून आहे का, हे पाहतो. एखाद्या लेखकाच्या पुस्तकाच्या नेमक्या किती प्रती विकल्या गेल्या, हा त्याच्यापुढचा प्रश्न नसतो.

या तपासणीची गरज कराराच्या स्वरूपातूनच निर्माण होते. पैसे घेणारा एक आणि हिशेब ठेवणारा दुसरा, तोही पैसे देणारा, अशी ही रचना आहे.

तपासणीची पद्धत

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अकोल्याच्या जुन्या शहरातील एका शिक्षकाने व्याकरणाचे पुस्तक प्रकाशकाला दिले. आवृत्ती २,००० प्रतींची, छापील किंमत १५० रुपये, स्वामित्वधन छापील किमतीच्या १० टक्के, म्हणजे प्रतीमागे १५ रुपये. वर्षअखेरीस प्रकाशकाने १,२०० प्रतींची विक्री दाखवून १८,००० रुपये दिले. तपासनीस विक्रीच्या वहीपासून सुरुवात करत नाही. तो मुद्रकाचे देयक, कागदखरेदी आणि बांधणीची पावती आधी मागतो. त्यांवरून २,००० प्रती तयार झाल्याचे दिसले, गोदामात २५० प्रती मिळाल्या आणि ५० प्रती भेट दिल्याची नोंद आढळली, तर ५०० प्रतींचा हिशेब लागत नाही. त्यांचे स्वामित्वधन ७,५०० रुपये होते. ही लबाडीच असेल असे नाही. प्रती पावसात भिजलेल्या असू शकतात, ग्रंथालयाला दिलेल्या प्रतींचे देयक दुसऱ्या खात्यात गेलेले असू शकते. मात्र त्याचा खुलासा कागदोपत्री देण्याची जबाबदारी प्रकाशकावर येते.

प्रत्यक्षात तंटे मोजणीपेक्षा शब्दांच्या अर्थावरून अधिक होतात. ‘विक्री किंमत’ म्हणजे छापील किंमत, की विक्रेत्याचे कमिशन वजा जाता उरलेली रक्कम? परत आलेल्या प्रती कोणत्या वर्षी वजा करायच्या? ई-पुस्तक मूळ परवान्यात येते का? करारात या शब्दांच्या व्याख्या नसतील, तर उत्तम लेखापरीक्षकही हतबल होतो.

कायदेशीर आधार

भारतात स्वामित्वधनाचे हिशेब तपासण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे करारातील कलमातूनच मिळतो. त्या कलमात नोंदी किती वर्षे जपायच्या, किती दिवस आधी सूचना द्यायची आणि खर्च कोणी सोसायचा, हे लिहिलेले असते. ठरावीक टक्क्यांपेक्षा अधिक तूट निघाल्यास खर्च परवानाधारकाने द्यावा, अशी अट रूढ आहे.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हस्तांतरणाच्या लेखात हक्क, मुदत, प्रदेश आणि स्वामित्वधन यांचा उल्लेख लागतो; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत मानला जातो. कलम ३०अ मुळे या तरतुदी योग्य त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात. २०१२ च्या दुरुस्तीने आलेली कलमे ३१क आणि ३१ड मात्र एक पाऊल पुढे जातात. गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण या वैधानिक परवान्याखाली काढणाऱ्याने, तसेच प्रसारण संस्थेने, हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात आणि हक्कदाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला त्या पाहू द्याव्यात, असे तेथे कायद्यानेच सांगितले आहे. पुस्तकाच्या लेखकाला असे कायदेशीर कवच नाही. त्यामुळे करारावर सही करतानाच त्याने तपासणीचे कलम मागून घेणे भाग असते.

व्यापारचिन्हाच्या बाबतीत पैशाइतकाच दर्जा महत्त्वाचा असतो. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ५० प्रमाणे, मालाच्या दर्जाविषयीची करारातील अट पाळली किंवा अमलात आणली जात नसल्यास नोंदणीकृत वापरकर्त्याची नोंदणी रद्द होऊ शकते. म्हणून येथे तपासनीस वह्यांबरोबर मालाचे नमुने आणि छापून आलेली वेष्टनेही पाहतो. वेष्टने एक लाख आणि माल ऐंशी हजार नग असेल, तर उरलेल्या वीस हजार वेष्टनांची विचारपूस होते.

वऱ्हाडातील कपाशी बियाणे

अकोला व अमरावती या कापूस-जिल्ह्यांत परवान्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोचला. बीटी कपाशीला केंद्र सरकारची मान्यता मार्च २००२ मध्ये मिळाली. ‘बोलगार्ड’ हे व्यापारचिन्ह आणि त्यामागील तंत्रज्ञान महिको मोन्सँटो बायोटेक या कंपनीने अनेक बियाणे कंपन्यांना परवान्याने दिले. शुल्क पाकिटामागे होते. संकरित बीटी बियाणे मुख्यतः सत्यतादर्शक, म्हणजे उत्पादकाच्याच हमीवर विकले जाते. बीज प्रमाणीकरण यंत्रणेचे मुख्यालय अकोल्यातच असले, तरी या पाकिटांची मोजणी परवानाधारकाच्या नोंदींवरच अवलंबून राहते. त्यातच हंगाम उलटल्यावर न खपलेली पाकिटे विक्रेत्यांकडून परत येतात. ती येण्याआधी केलेला हिशेब फुगलेला असतो.

२०१६ मध्ये केंद्राने बोलगार्ड-२ च्या ४५० ग्रॅम पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली. त्यात परवाना शुल्क ४९ रुपये होते. २०२० पासून ते शून्य झाले. दरम्यान शुल्काच्या वादातून कंपनीने नुझिवीडू सीड्सचे करार २०१५ मध्ये संपवले आणि पेटंट व व्यापारचिन्ह या दोन्हींच्या उल्लंघनाचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात लावला. प्रकरण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२१ मध्ये आपसात मिटले.

लेखापरीक्षणाची दृष्टी कराराच्या कुंपणाआतच पोचते. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कपाशीची जाहीर लागवड केली. अशा बियाण्याला ना परवाना असतो, ना पाकिटांची वही.